नवोदित खेळाडूंची श्रमनिष्ठा

(दिग्रस येथे शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाळा अर्धा सरतो, महाविद्यालयांतील प्रवेश आटोपतात आणि क्रीडासंघांच्या निवडीस प्रारंभ होतो. सूचनाफलकावर बास्केटबॉल, कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल अशी नावे झळकतात. पहिल्या दिवशी मैदान मुलांनी भरून जाते. पुढे संख्या ओसरू लागते आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर येईपर्यंत बारा जणांचा संघ पुरा करणेही कित्येकदा कठीण होऊन बसते. मग शिक्षकांच्या खोलीत एकच उद्गार ऐकू येतो: हल्लीच्या मुलांत जिद्द नाही, त्यांना कष्ट नकोत.

हे निदान सोपे आहे. ते खरे आहे काय, हे मात्र तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण निदान चुकले, तर उपायही चुकतो आणि त्याची किंमत अठरा वर्षांच्या मुलाला मोजावी लागते.

खेळाचा जन्मच या प्रश्नातून

बास्केटबॉल या खेळाचा जन्मच मुळी अशा एका तक्रारीतून झाला आहे. १८९१ सालच्या हिवाळ्यात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण विद्यालयात, अठरा तरुणांचा एक वर्ग होता. बर्फामुळे मैदान बंद आणि व्यायामशाळेतील त्याच त्या कवायतीला मुले कंटाळलेली. त्या वर्गापुढे दोन शिक्षकांनी हात टेकले होते. तिसरा शिक्षक जेम्स नाइस्मिथ. दोष मुलांत नसून त्यांना दिल्या जाणाऱ्या कार्यक्रमात आहे, असे त्याचे मत होते. नवा खेळ शोधण्यासाठी त्याला दोन आठवड्यांची मुदत मिळाली. त्याने सज्जाच्या कठड्याला फळांच्या दोन टोपल्या टांगल्या, तेरा नियम लिहून भिंतीवर लावले आणि फुटबॉलचाच चेंडू मुलांच्या हाती दिला. ज्या वर्गाला कष्ट नकोसे होते, तोच वर्ग घामाघूम होऊन खेळू लागला. त्या सज्जाची उंची दहा फूट होती. आजही बास्केटबॉलच्या कड्याची उंची तेवढीच, म्हणजे ३.०५ मीटर आहे.

या हकिकतीतून शिक्षकाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. मुले तीच होती, बदलली ती योजना. श्रमनिष्ठा म्हणजे काही मुलांना उपजत लाभलेले आणि काहींना नाकारलेले लेणे नव्हे. केलेल्या श्रमाला उत्तर मिळते, असा अनुभव जेथे येतो, तेथे ती वाढीस लागते. तो अनुभव जेथे येत नाही, तेथे ती कोमेजते.

दिग्रसच्या मैदानावर येणारा विद्यार्थी

दिग्रस हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. कापूस, सोयाबीन व तूर पिकविणारा हा मुलूख. आसपासच्या खेड्यांतून आणि तांड्यांवरून एस. टी. ने किंवा दुचाकीने येथे शिकायला येणारा विद्यार्थी कष्टांना अपरिचित नसतो. त्याने डवऱ्यामागे फेर घातलेले असतात, सोयाबीनच्या सोंगणीत कंबर वाकविलेली असते, दिवाळीच्या सुटीत कपाशीची वेचणी केलेली असते. त्याला कष्ट नकोत, असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय होय.

त्याने काय पाहिलेले असते, तेही ध्यानात घेतले पाहिजे. वर्षभर राबूनही कष्टाचे फळ हाती लागेलच असे नाही, हे त्याने स्वतःच्या घरी पाहिलेले असते. २०१७ सालच्या हंगामात गुलाबी बोंडअळीने यवतमाळ जिल्ह्यासह विदर्भातील कपाशीचे मोठे नुकसान केले. ज्यांनी निंदण, डवरणी, फवारणी सारे वेळेवर केले, त्यांचीही बोंडे किडली. पावसाचा खंड आणि बाजारातील भाव यांवर तर शेतकऱ्याचा काहीच ताबा नसतो. अशा घरातून आलेल्या मुलाला ‘कष्ट कर, यश मिळेल’ हे वाक्य नुसते ऐकवून भागत नाही. त्या वाक्याचा प्रत्यय त्याला कोठे तरी यावा लागतो. खेळाचे मैदान हे असा प्रत्यय देणारे एक ठिकाण होऊ शकते.

दुसरी अडचण वेळेची आहे. सोयाबीनची सोंगणी आणि कपाशीची वेचणी यांचा जो काळ, साधारण तोच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा काळ. सरावाला चार दिवस न आलेला खेळाडू आळशी म्हणून वगळला जातो, तेव्हा तो प्रत्यक्षात शेतात राबत असतो. ‘खेळून पोट भरते काय?’ या वडिलांच्या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नसते. संध्याकाळी सराव रंगात येतो, तेव्हा गावाची शेवटची गाडी सुटण्याची वेळ झालेली असते. मुलींच्या बाबतीत अंधार पडण्यापूर्वी घरी पोचण्याची चिंता याहून मोठी असते. मैदानावरील अनुपस्थितीची अशी कारणे न विचारता तिला जिद्दीचा अभाव हे नाव देणे बरोबर नाही.

या मुलांजवळ पुंजी काय असते, हेही पाहिले पाहिजे. बास्केटबॉलचा चेंडू त्यांच्यापैकी पुष्कळ जण महाविद्यालयातच प्रथम हाती घेतात. परंतु कबड्डी आणि खो-खो त्यांच्या अंगात मुरलेले असतात. खो-खोतील धावकाची झुकांडी बचावपटूला चकविण्यासाठी उपयोगी पडते. चढाई करणाऱ्यावर नजर रोखून, गुडघे वाकवून, साथीदाराच्या हालचालीबरोबर सरकण्याची कबड्डीतील सवय हीच बास्केटबॉलच्या बचावाची पहिली पायरी आहे. नवागताला ‘तुला काहीच येत नाही’ असे सांगण्याऐवजी ‘तुला जे येते, ते येथे असे वापर’ असे सांगणारा प्रशिक्षक त्याचा पहिला आठवडा वाचवितो. बहुतेक गळती त्याच आठवड्यात होते.

श्रमाचे उत्तर दाखविणारा खेळ

श्रम आणि फळ यांचे नाते या खेळात कसे दिसते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे फ्री थ्रो. प्रतिपक्षाने विशिष्ट नियमभंग केला, की खेळाडूला ४.६० मीटर अंतरावरील रेषेमागून, कोणाचाही अडथळा नसताना, कड्यात चेंडू टाकण्याची संधी मिळते. त्यासाठी ५ सेकंद मिळतात आणि चेंडू पडला, की १ गुण. येथे उंचीचा विशेष फायदा नाही, वेगाचा नाही, साथीदाराच्या मर्जीचाही नाही. कोपर कोठे असावे, गुडघे किती वाकावेत, मनगट कसे सुटावे, हे एकदा नीट शिकले, की पुढचा प्रश्न केवळ आवृत्तीचा उरतो.

नवोदित खेळाडूने सरावानंतर रोज पन्नास फ्री थ्रो टाकावेत आणि किती पडले, तो आकडा प्रशिक्षकाने वहीत लिहावा. या उपायाला खर्च नाही. महिन्याने ती वही खेळाडूपुढे ठेवली, की आपल्या कष्टांचा आलेख त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. वाढ थोडी असली, तरी ती त्याची स्वतःची असते. पावसाने ती बुडत नाही, भाव पडून ती घटत नाही. भाषणाने येणारा उत्साह आठवडाभर टिकतो. वहीतला आकडा मात्र मुलाला दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर आणतो.

उंची निसर्गाने द्यावयाची. परंतु कड्यावरून परत आलेला चेंडू मिळविण्यासाठी योग्य जागा आधी अडविणे, हे सवयीचे काम आहे. चेंडू गमावल्यावर हात कमरेवर न ठेवता तत्काळ मागे धावणे, मोकळ्या साथीदाराकडे चेंडू देणे, पाच व्यक्तिगत चुका होऊन बाहेर जावे लागू नये म्हणून संयम राखणे, ही कामे प्रेक्षकांच्या टाळ्या मिळवीत नाहीत. प्रशिक्षकाने त्यांचीही नोंद ठेवली, तर ज्याच्या नावावर गुण नाहीत, त्या खेळाडूलाही आपण संघाच्या कामी आलो हे कळते. मैदानावर एका वेळी पाच जण खेळतात आणि बाकावर सात जण बसतात. संघाची श्रमनिष्ठा खरे तर त्या सात जणांत तपासावी.

पारितोषिकाची मर्यादा

खेळाडूंना शासनाने दिलेल्या सवलतींचा विचार येथे करणे क्रमप्राप्त आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत पात्र खेळाडूंना वाढीव गुण मिळतात. गुणवत्ताप्राप्त खेळाडूंसाठी शासकीय व निमशासकीय सेवेत ५ टक्के आरक्षणाचे धोरण राज्य शासनाने २००५ साली लागू केले. ग्रामीण कुटुंबातील वडिलांच्या प्रश्नाला या तरतुदींनी प्रथमच काही ठोस उत्तर दिले, यात शंका नाही. या सवलती योग्यच आहेत.

तथापि, खेळण्याचे एकमेव कारण प्रमाणपत्र हेच झाले, तर काय घडते? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. चित्रे काढण्याची आवड असलेल्या मुलांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला चित्र काढल्यास सोनेरी मोहर व फीत लावलेले प्रमाणपत्र मिळेल, असे आधी सांगितले. दुसऱ्या गटाला पूर्वसूचना न देता नंतर तेच प्रमाणपत्र दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात पाहिले असता, प्रमाणपत्राच्या आशेने चित्र काढलेली मुले इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रकलेत घालवीत होती. अनपेक्षितपणे प्रमाणपत्र मिळालेल्या मुलांची आवड मात्र घटली नव्हती. पारितोषिक वाईट नव्हते. त्याचा सौदा झाला, तेव्हा मूळची गोडी ओसरली.

महाराष्ट्रातील क्रीडाक्षेत्रालाही हा इशारा लागू पडतो. खेळाडू म्हणून नाव लागावे, परंतु खेळावे लागू नये, अशी वृत्ती काही ठिकाणी बळावली. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांच्या आधारे नोकरी मिळविल्याची प्रकरणेही राज्यात उघडकीस आली. अशा प्रत्येक खोट्या कागदाने मैदानावर प्रामाणिकपणे घाम गाळणाऱ्या एखाद्या मुलाची जागा हिरावली जाते. त्याहून मोठी हानी ही, की ते पाहणाऱ्या शंभर मुलांचा श्रमावरचा विश्वास उडतो. प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट स्मरणात ठेवावी.

महाराष्ट्रातील दाखले

श्रमाला उत्तर देणारी व्यवस्था उभी राहिली, की काय घडते, याचे दाखले दूर शोधावयास नकोत. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. आखाडा, मल्लखांब, कबड्डी यांतून वाढलेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी व अन्य भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. वऱ्हाडातील तरुण आखाड्यातून निघून बर्लिनला पोचले, यामागे नित्यनियमाने चालणाऱ्या संस्थेचे बळ होते.

मुंबईतील नागपाडा हा दाट वस्तीचा, कष्टकऱ्यांचा भाग. तेथील नेबरहूड हाउस आणि सार्वजनिक मैदान यांच्या आधाराने गल्लीतील मुले बास्केटबॉल शिकली. त्याच वस्तीतून अब्बास मुंतसिर हे भारताचे कर्णधार झाले आणि १९७० सालच्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. घराजवळ कडे होते आणि शिकविणारी वडीलधारी माणसे होती, म्हणून त्या मुलांच्या धडपडीला दिशा मिळाली.

तिसरा दाखला कुस्तीतील असला, तरी महाविद्यालयीन खेळाडूचाच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा लाल मातीत वाढलेल्या या मल्लाला मॅटवरील कुस्तीची सवय नव्हती. तेथे त्यांना सहावा क्रमांक मिळाला. त्यानंतरची चार वर्षे त्यांनी ती उणीव भरून काढण्यात घालविली. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा नव्हता, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी दिली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परतल्यावर कुस्त्यांचे फड भरवून त्यांनी ते कर्ज फेडले. खाशाबांची जिद्द सर्वांना ठाऊक आहे. त्या जिद्दीला वेळेवर प्रतिसाद देणारे प्राचार्य आणि गावकरी यांचीही आठवण ठेवावयास हवी. खाशाबांचा १५ जानेवारी हा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी प्रतिमेला हार घालताना खर्डेकरांचेही स्मरण व्हावे.

निवडीतील न्याय

नवोदितांच्या मनावर सर्वांत खोल परिणाम करणारी गोष्ट म्हणजे संघाची निवड. तीन महिने सरावाला नियमित आलेला मुलगा वगळला गेला आणि एकदाही न दिसलेला मुलगा ओळखीपाळखीने यादीत आला, तर त्या दिवशी मैदानाने शेताहूनही कठोर धडा शिकविला, असे म्हणावे लागेल. अवर्षण हा निसर्गाचा भाग असतो. अन्याय्य निवड ही मात्र माणसाची करणी असते.

यासाठी निवडीचे निकष पहिल्याच दिवशी जाहीर व्हावेत. उपस्थितीला किती महत्त्व, कौशल्याला किती, सामन्यातील वर्तनाला किती, हे फलकावर लिहिलेले असावे. शेतीच्या कामासाठी चार दिवसांची सुटी आगाऊ मागितली, तर ती गैरहजेरी धरू नये, अशी तरतूदही त्यात असावी. वगळलेल्या खेळाडूला शारीरिक शिक्षण संचालकांनी प्रत्यक्ष बोलावून कारण सांगावे आणि पुढील वर्षासाठी काय सुधारावे, तेही सांगावे. असा वगळलेला मुलगा पुष्कळदा परत येतो. यादीत नाव नाही हे भिंतीवर वाचून गेलेला सहसा परतत नाही. प्रशिक्षकाचे स्वतःचे वेळेवर येणे हे तर सर्व उपदेशांच्या वरचे आहे. सहाला सराव सांगून सात वाजता येणाऱ्या प्रशिक्षकाच्या संघात वक्तशीरपणा रुजत नाही.

गावाचा वाटा

हे सारे महाविद्यालयाच्या कुंपणाआत संपत नाही. गावातील शाळेच्या आवारात एक खांब, एक फळी आणि एक कडे उभे करण्याचा खर्च मोठा नाही. चोपून सपाट केलेल्या अर्ध्या मैदानावरही चेंडू टाकण्याचा सराव होतो. क्रीडांगण विकास व व्यायामशाळा विकास यांसाठी शासनाच्या अनुदान योजना आहेत. त्यांचे प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे वेळेवर पाठविणे, हे काम पंचायत सदस्य व शिक्षक यांनी मिळून करावयाचे आहे. मैदानाची जागा अतिक्रमणापासून राखणे, तेथे सांजेला एक दिवा लावणे, शेवटच्या गाडीच्या वेळेबाबत एस. टी. आगाराशी बोलणे, मुलींना घरी पोचविण्यासाठी पालकांची पाळी ठरविणे, ही कामे लहान दिसतात. एखाद्या मुलीचे खेळणे चालू राहणे वा थांबणे मात्र त्यांवरच ठरते.

पालकांशी बोलणे हाही गावाचा वाटा आहे. सामन्याला वडिलांना सन्मानाने बोलवावे, मुलाने काय मिळविले ते त्यांना वहीतून दाखवावे. खेळाने अभ्यास बुडत नाही, हे शिक्षकाने स्वतः सांगावे आणि तसा तो बुडू नये याची काळजीही घ्यावी. प्रत्येक खेळाडू राज्याच्या संघात जाणार नाही, प्रत्येकाला आरक्षणाची नोकरीही मिळणार नाही, हे सत्य पालकांपासून व मुलांपासून लपवू नये. पदक न मिळालेल्या खेळाडूजवळही वेळेवर येण्याची सवय, हार पचविण्याची ताकद आणि दहा जणांबरोबर काम करण्याची रीत उरली, तर त्याचे श्रम वाया गेले असे म्हणता येणार नाही.

दिग्रसच्या महाविद्यालयीन खेळाडूंना ज्या विद्यापीठाचे प्रतिनिधित्व करावयाचे असते, ते विद्यापीठ १९८३ साली अमरावतीत स्थापन झाले आणि पुढे त्याला संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. बाबा गावात शिरले, की आधी खराटा हाती घेत आणि गाव झाडून झाल्यावरच रात्री कीर्तनाला उभे राहत. आधी काम आणि मग बोलणे, हा त्यांचा क्रम होता. नवोदित खेळाडूंना जिद्दीचे धडे देणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही तोच क्रम शोभून दिसेल. या हंगामाच्या निवडीपूर्वी मैदान साफ झालेले असावे, निकष फलकावर लागलेले असावेत, नोंदवही तयार असावी आणि प्रशिक्षक वेळेवर हजर असावा. एवढे झाल्यावर मुलांकडून श्रमांची अपेक्षा करण्याचा अधिकार समाजाला प्राप्त होतो. आणि या मातीतील मुले ती अपेक्षा पुरी करतील, असा विश्वास बाळगावयास हरकत नाही.